वॉर्डात पाऊल टाकण्याआधी
अभ्यासपाठ : नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुली, लसीकरण आणि तपासणी



बारावी झालेल्या आपल्या पाड्यांवरच्या काही मुली दरवर्षी नर्सिंगला जातात. कोणी दोन वर्षांच्या एएनएमला, कोणी तीन वर्षांच्या जीएनएमला, तर एखादी चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला. आपल्यापैकी अनेकांच्या देणगीतून त्यांची फी भरली जाते, गणवेश शिवले जातात, पुस्तके येतात. प्रवेशाच्या वेळी कॉलेज कागदपत्रांची यादी हातात देते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. आणि तळाशी एक ओळ असते : वैद्यकीय तपासणी व लसीकरण.

वरच्या कागदांसाठी आई-बाप मजुरी बुडवून तहसील कचेरीच्या चार-चार फेऱ्या मारतात. तळाची ओळ मात्र जवळच्या एखाद्या डॉक्टरची सही आणि शिक्का घेऊन दहा मिनिटांत उरकली जाते. कागदावर ‘फिट’ असे लिहून मिळते. कोणती लस झाली आहे हे कोणी विचारत नाही आणि रक्तही तपासत नाही.

या पाठात आपण त्या एका ओळीचा अर्थ समजून घेणार आहोत. वाचून झाल्यावर तरुण संघात आणि महिला मंडळात त्यावर बोलावे, आणि ज्यांच्या घरात किंवा ओळखीत अशी मुलगी आहे त्यांनी हा अंक तिच्या हातात द्यावा, एवढी विनंती आहे.

१. ही तपासणी नेमकी कोणासाठी?

बहुतेक मुलींना वाटते की ही प्रवेशासाठीची एक परीक्षा आहे आणि तिच्यात आपण नापास होऊ शकतो. तपासणीमागे खरे तर दोन साधे हेतू आहेत. रुग्णापासून विद्यार्थिनीला आजार लागू नये आणि विद्यार्थिनीपासून रुग्णाला लागू नये.

दुसरा हेतू आपल्या सहसा लक्षात येत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर काम करीत होते. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त माता मरत. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येतात आणि त्यांच्या हातांतून काहीतरी येते, हे सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्या विद्यार्थ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ते शिकायला आणि सेवा करायलाच आले होते. चांगल्या मनाचा माणूससुद्धा नकळत आजार पोहोचवू शकतो. वॉर्डात अपुऱ्या दिवसांची बाळे असतात, गरोदर बाया असतात, कर्करोगाची औषधे घेणारे रुग्ण असतात. शिकाऊ परिचारिकेला आलेला गोवर त्यांच्यासाठी जिवावरचे दुखणे ठरू शकतो.

पहिला हेतू तर रोजचाच आहे. नव्या मुलीचा हात बसलेला नसतो. दुसऱ्याने टाकून दिलेली सुई उचलताना, वापरलेल्या सुईवर झाकण बसवताना, रात्रपाळीच्या झोपेत सुई टोचते. आणि टोचली तरी ‘सिस्टर रागावतील’ म्हणून ती गप्प बसते. पाड्यावरून आलेली, आधीच बुजलेली मुलगी तर हमखास गप्प बसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार प्रत्येक नर्सिंग संस्थेने विद्यार्थिनींची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करावी, धनुर्वात, हिपॅटायटिस बी व गरजेप्रमाणे इतर आजारांविरुद्ध लस द्यावी आणि प्रत्येकीची आरोग्य नोंद ठेवावी, अशी अपेक्षा आहे. म्हणजे याबाबत कॉलेजला विचारणे हा मुलीचा हक्क आहे. पालक म्हणून किंवा मंडळी म्हणून आपणही नम्रपणे विचारू शकतो.

२. हिपॅटायटिस बी : तीन डोस, सहा महिने

यकृताला इजा करणारा हा विषाणू रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून पसरतो. रुग्णालयाबाहेर लोक त्याला सरसकट ‘कावीळ’ म्हणतात आणि दूषित पाण्याच्या काविळीशी त्याची गल्लत करतात. हा पाण्यातून येत नाही. वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस तग धरतो.

सुई टोचण्याच्या धोक्याबद्दल आरोग्य क्षेत्रात एक हिशेब सांगितला जातो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, हिपॅटायटिस सी ची शंभरात सुमारे दोन ते तीन आणि एचआयव्हीची हजारात तीन. आपल्या मुली एचआयव्हीला सर्वांत जास्त घाबरतात. सुईतून सर्वांत सहज येणारा आजार मात्र हिपॅटायटिस बी आहे, आणि या तिघांपैकी लस आहे ती त्याच्यावरच. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांच्यावर लस नाही.

‘लहानपणी सगळ्या लसी झाल्या आहेत’ हे उत्तर येथे पुरत नाही. हिपॅटायटिस बी ची लस देशभरच्या बालकांच्या नियमित लसीकरणात २०११ मध्ये आली. आज अठरा-वीस वर्षांच्या मुली त्याच्या आधी जन्मलेल्या आहेत. जन्मानंतर चोवीस तासांत द्यायचा डोस तर घरी झालेल्या बाळंतपणात सुटतोच. शिवाय ऊसतोडीसाठी आई-बापांबरोबर गुजरातला किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या लेकरांची कार्डे पावसात भिजली, खोपीत राहिली. कार्ड नसेल तर लस झाली नाही असे धरून चालावे. आधी झालेली असली तरी पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही.

लसीचे वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपे आहे. पहिला डोस आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रौढांना लस दंडावर देतात. मधला डोस उशिरा झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जेथे थांबलो तेथून पुढे जायचे. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे मोजतात. त्या अहवालात आकडा १० किंवा त्याहून अधिक आला म्हणजे संरक्षण तयार झाले. निरोगी तरुणांपैकी शंभरात नव्वदहून अधिक जणांना हे संरक्षण मिळते. ज्यांना मिळत नाही त्यांना पुन्हा तीन डोस देतात. त्यानंतरही आकडा वाढला नाही तर मुलीने ते जाणून घ्यावे, म्हणजे सुई टोचल्यास डॉक्टर तिला वेगळे इंजेक्शन वेळेत देऊ शकतील.

तिसऱ्या डोसला सहा महिने लागतात, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रवेश झाल्यावर पहिला डोस घेतला आणि दोन महिन्यांत वॉर्डात ड्युटी लागली, तर ती मुलगी अर्ध्या संरक्षणावर सुया हाताळत असते.

३. क्षयरोग : छातीत दडलेला पाहुणा

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला. इतकी वर्षे होऊनही जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतातच आहेत. वॉर्डात तो हवेतून येतो. खोकणाऱ्या रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहणे पुरेसे असते.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचारी व विद्यार्थी यांची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्या लोकांच्या शरीरात क्षयाचा दडलेला संसर्ग आढळला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, जेथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू केले, तेथील नर्सिंग विद्यार्थिनींचाही असा अभ्यास झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरात शंभरातील सुमारे आठ मुलींना नवा संसर्ग होतो असे दिसले. सामान्य लोकसंख्येत हे प्रमाण शंभरात दीडच्या आसपास धरले जाते. आपल्या मुली कोणत्या हवेत शिकणार आहेत, हे या आकड्यांवरून कळते.

आता एक फरक नीट समजून घेऊ, कारण येथेच घराघरांत घबराट होते. दडलेला संसर्ग म्हणजे क्षयरोग नव्हे. जंतू शरीरात झोपून असतो, माणूस ठणठणीत असतो आणि त्याच्यापासून कोणालाही लागण होत नाही. अशा शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. अंगाची ताकद कमी असेल, वजन फार कमी असेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर ही शक्यता वाढते.

तपासणीत आधी प्रश्न विचारतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्री घाम, वजन घटणे, थुंकीतून रक्त, घरात कोणाला क्षय आहे का? मग छातीचा एक्स-रे काढतात. काही ठिकाणी हाताच्या कातडीत मांटू चाचणीचे छोटे इंजेक्शन देतात किंवा रक्ताची चाचणी करतात. मांटूचा निकाल ४८ ते ७२ तासांनी पाहावा लागतो. मुलगी सोमवारी आली तर तिने बुधवारी किंवा गुरुवारी पुन्हा यायलाच हवे. तालुक्याच्या गावाहून पाड्याला दिवसातून एक-दोनच एसट्या असतील तर तिची दोन रात्री राहण्याची सोय करावी लागते. ती झाली नाही की चाचणी वाया जाते. जन्मतः दिलेल्या बीसीजीमुळेही मांटूचा वण थोडा मोठा येऊ शकतो, म्हणून निकालाचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा.

‘बीसीजीचा वण आहे, म्हणजे क्षय होणार नाही’ असा समज खूप ठिकाणी आहे. बीसीजी लहान बाळांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा धरता येत नाही.

संसर्ग सापडला आणि आजार नाही असे ठरले, तर डॉक्टर प्रतिबंधक औषध सुचवू शकतात. त्यात आठवड्यातून एकदा असे बारा आठवड्यांचे एक वेळापत्रकही आहे. प्रत्यक्ष क्षयरोग निघाला तर औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. निक्षय पोषण योजनेत उपचाराच्या काळात दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. औषध नीट सुरू झाल्यावर बहुतेकांची संसर्ग पसरवण्याची क्षमता काही आठवड्यांतच संपते. डॉक्टरांनी परवानगी दिली की मुलगी पुन्हा वर्गात आणि पुढे वॉर्डात जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या वसतिगृहांसाठी. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना पोषक शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत, शिधा मिळालेल्या घरांतील इतर माणसांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. चाळीस किलोच्या आत वजन असलेली मुलगी क्षयाच्या वॉर्डात ड्युटी करणार असेल, तर तिच्या ताटातली डाळ, अंडी आणि शेंगदाणे हासुद्धा तिच्या संरक्षणाचाच भाग आहे.

४. गोवर, रुबेला, कांजिण्या आणि धनुर्वात

गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. रुबेलाचे पुरळ साधे असते, पण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली हा संबंध दाखवून दिला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम शाळाशाळांतून झाली आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना एक डोस दिला गेला. आश्रमशाळेत त्या दिवशी हजर असलेल्या मुलींना तो मिळाला असेल. आरोग्य सेवेत जाणाऱ्यांकडे एकूण दोन डोसांची नोंद असावी असे मानले जाते.

कांजिण्यांना आपल्याकडे काही भागांत ‘देवी आल्या’ असेही म्हणतात. लहानपणी त्या नक्की येऊन गेल्या असतील तर बहुधा लस लागत नाही. आईला विचारावे, तिला पक्के आठवते. आल्या नसतील किंवा शंका असेल तर रक्त तपासता येते किंवा चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घेता येतात. मोठेपणी कांजिण्या आल्या तर त्या लहानपणापेक्षा जास्त त्रास देतात.

गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंच्या असतात. त्या गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात. आपल्याकडे काही मुलींचे लग्न प्रवेशाआधीच झालेले असते. म्हणून हा प्रश्न एखाद्या परिचारिकेने किंवा जाणत्या ताईने मुलीला एकटीला घेऊन विचारावा. चारचौघांत विचारू नये. या दोन लसी एकाच दिवशी घ्याव्यात, नाहीतर चार आठवड्यांचे अंतर ठेवावे. मांटू चाचणी आधी किंवा त्याच दिवशी करून घ्यावी, नाहीतर तिचा निकाल चुकू शकतो.

धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी केंद्रात मोफत मिळते. ती सुटली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

५. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ आले तर

आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना दर वर्षी कोणीतरी रडवेल्या आवाजात विचारते, “ताई, रिपोर्टमध्ये रिॲक्टिव्ह लिहिलंय. आता मला काढून टाकतील का? घरी कसं सांगू?” या प्रश्नाला सरळ उत्तर देता आले पाहिजे.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असणे हे शिक्षण थांबवण्याचे कारण नाही. संसर्ग जन्माच्या वेळी झाला तर दहापैकी नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो. मोठेपणी झाला तर शंभरातील पाचांपेक्षाही कमी लोकांत राहतो. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीच्या रक्तात तो सापडला तर बहुधा तो तिला बाळपणीच, पुष्कळदा आईकडूनच आलेला असतो, आणि आईलाही तो ठाऊक नसतो. तिच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे. पुढे यकृताची तपासणी होते आणि गरज असेल त्यांना औषध मिळते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. घरातील इतरांनाही तपासून लस देता येते. एका मुलीच्या रिपोर्टमुळे पूर्ण घर सावध होते, हा लाभ लहान नाही.

एचआयव्हीबाबत कायदाच स्पष्ट आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार शिक्षण किंवा नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्ही चाचणी मागता येत नाही. चाचणीसाठी माणसाची जाणीवपूर्वक संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. एखाद्या यादीत ही चाचणी सक्तीची लिहिलेली दिसली तर घाबरून न जाता या कायद्याचा उल्लेख करून विचारणा करावी.

सिकलसेलची चाचणीही बरेचदा याच वेळी होते. सिकलसेल रक्ताबरोबर आई-वडिलांकडून येतो. तो संसर्गजन्य नाही. त्याचा कागद वेगळा ठेवावा आणि वसतिगृहात त्या मुलीचे ताट-पेला वेगळे करण्याचा प्रकार कोणी करू नये.

पवित्र शास्त्रातील तपासणी आपल्याला परिचित आहे. लेवीयच्या तेराव्या अध्यायात याजक त्वचेवरचा डाग पाहतो, शंका असेल तर सात दिवस वेगळे ठेवतो आणि पुन्हा पाहतो. घाईने निकाल देत नाही. आपण पुष्कळदा तेथेच वाचन थांबवतो. चौदाव्या अध्यायात बऱ्या झालेल्या माणसाला छावणीत परत कसे घ्यावे, हे तितक्याच बारकाईने सांगितले आहे. तपासणीच्या नियमाबरोबर परतीची वाटही लिहून ठेवली आहे. आपल्या मंडळीतील मुलीच्या हातात रिपोर्ट येईल तेव्हा हे दोन्ही अध्याय आठवावेत.

रिपोर्ट मुलीचा आहे. तो तिने कोणाला दाखवायचा हे तिने ठरवावे. देणगी दिली म्हणून आपल्याला तो पाहण्याचा अधिकार मिळत नाही. तिचे नाव घेऊन जाहीर प्रार्थना-विनंती करण्याआधीही तिला विचारावे.

६. बारावीपासून वॉर्डापर्यंत : एक वेळापत्रक

मार्च : बारावीची परीक्षा संपताच लसीकरण कार्ड शोधावे. कार्ड नसेल तर आशाताई किंवा उपकेंद्रातील नोंदवहीत पाहावे. हिपॅटायटिस बी ची रक्त तपासणी करून पहिला डोस घ्यावा. क्षयासाठी प्रश्न, एक्स-रे आणि मांटू करून घ्यावे. टीडी राहिली असेल तर घ्यावी.

एप्रिल : हिपॅटायटिस बी चा दुसरा डोस. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांपैकी जी लस लागते तिचा पहिला डोस.

मे-जून : त्या लसींचे दुसरे डोस. सर्व नोंदी एका वहीत, तारीख आणि शिक्क्यासह. मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

सप्टेंबर : हिपॅटायटिस बी चा तिसरा डोस. तोवर बहुतेकींचा प्रवेश झालेला असतो. कॉलेजच्या गावी डोस कोठे मिळेल हे आधीच विचारून ठेवावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : प्रतिपिंडांची तपासणी. १० किंवा त्याहून अधिक आकडा असलेला कागद वहीत चिकटवावा.

आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे. सुई टोचली तर जखम दाबू नये, साबण-पाण्याने धुवावी, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नये. ताबडतोब प्रभारी सिस्टरांना सांगावे आणि नोंद करावी. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे; ते २८ दिवस घ्यावे लागते. रागावणे एका दिवसात विसरले जाते. गप्प राहण्याची किंमत मात्र जन्मभर मोजावी लागू शकते.

७. मंडळी म्हणून आपल्या हाती काय आहे?

पहिले, पैसा योग्य वेळी देणे. आपली मदत बहुधा प्रवेश झाल्यावर फीच्या पावतीबरोबर जाते. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही आणि प्रौढ मुलीला गोवर-रुबेलाची लसही सहसा विकत घ्यावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा खर्च जड जातो आणि तोच सर्वांत आधी वगळला जातो. मार्च महिन्यात थोडी रक्कम यासाठी बाजूला ठेवली तर तिचा उपयोग फीइतकाच मोठा आहे. हिपॅटायटिस बी ची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना देण्याची तरतूद आहे; विद्यार्थिनींसाठी जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी.

दुसरे, सोबत. जिल्ह्याच्या रुग्णालयात कोणत्या खिडकीवर केस पेपर काढायचा, रक्त कोठे द्यायचे, हे पहिल्यांदा गेलेल्या मुलीला कळत नाही. आपल्या मंडळीत निवृत्त परिचारिका आहेत, प्रयोगशाळेत काम केलेले बांधव आहेत. त्यांचा एक दिवस एका मुलीला मिळाला तर काम सोपे होते. मांटूच्या दोन रात्री कोणाच्या घरी तिला मुक्काम मिळाला तर ती चाचणी पूर्ण होते.

तिसरे, भाषा. पावरी, मावची किंवा वारली बोलणाऱ्या आईला ‘रिॲक्टिव्ह’, ‘टायटर’ हे शब्द समजत नाहीत. तिच्या भाषेत समजावणारे माणूस घरी गेले तर अफवेला जागा राहत नाही.

आपली मुलगी उद्या उपकेंद्रात बसून पाड्यावरच्या लेकरांना लस देईल. एखादी आई “ताई, ताप येईल का? खरंच लागते का?” असे विचारील, तेव्हा “मी स्वतः घेतली आहे” हे तिला सहज सांगता यावे. पाड्यावरच्या माणसांना हे उत्तर पटते, कारण ते त्यांच्यातल्याच मुलीचे असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या ओळखीतील नर्सिंगला गेलेल्या मुलींपैकी किती जणींचे हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस पूर्ण आहेत? त्यांना विचारण्याची जबाबदारी कोण घेईल?

२. दडलेला क्षयसंसर्ग आणि क्षयरोग यांतील फरक आपल्या बोलीभाषेत एका मिनिटात कसा सांगाल?

३. एखाद्या मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचे आपल्या कानावर आले, तर मंडळीने काय करावे आणि काय टाळावे?

४. लेवीय १३ आणि १४ हे अध्याय एकत्र वाचा. आजारी माणसाला परत आपल्यात घेण्यासाठी आपल्या गावात आज कोणती वाट आहे?

५. येत्या मार्चमध्ये बारावीची परीक्षा देणाऱ्या, नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींची नावे आजच लिहून काढा. त्यांच्या घरी पहिली भेट केव्हा द्याल?